मनीची नखं नि सोफ्याचा कोपरा

नवा सोफा येऊन महिना होत नाही, तोच मनीने कोपरा ओरबाडलेला! मग तिला फटका बसतो, नाहीतर ‘सोडून या हिला लांब कुठेतरी’ असं फर्मान सुटतं. पण मैत्रिणींनो, मांजर हे खोडसाळपणाने करत नाही. ओरबाडल्याने नखांवरचं जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं आणि पंजांचा वास लागून ‘ही जागा माझी’ अशी खूण राहते. म्हणून सवय मोडत नाही, जागा मात्र बदलता येते.

अडीच-तीन फुटी जाड लाकडी खांबाला काथ्याची दोरी किंवा गोणपाट घट्ट गुंडाळा. तो हलता कामा नये. रुंद फळीवर ठोकून सोफ्याच्या त्याच कोपऱ्याशी ठेवा. कोपऱ्याला काही दिवस जाड प्लॅस्टिक लावा. मनीने खांबाला नखं लावली की लगेच खाऊ द्या. नखांची फक्त टोकं कापा, आतल्या गुलाबी भागाला धक्का नको. फिनेल मात्र मुळीच शिंपडू नका. मांजर पंजे चाटतं, ते विष पोटात जातं.

सोफ्याचं कव्हर बदलता येतं. घरात वाढलेली मनी रस्त्यावर तग धरेलच, असं नाही.