मृत्तिका-लेप : ओला असेल तोवरच औषध

मातीचा लेप हा केवळ निसर्गोपचाराचा प्रांत, अशी समजूत आपल्या व्यवसायबंधूंतही आढळते. महात्मा गांधींनी मातीच्या पट्टीचा पुरस्कार केला, १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू झाले, हे खरेच. परंतु चरकसंहितेत ऊरुस्तंभावर उत्सादनासाठी वारुळाची माती आधीच सांगितलेली आहे.

शार्ङ्गधरांनी लेपाची जाडी दोषघ्न पाव, विषघ्न एक-तृतीयांश व वर्ण्य अर्धा अंगुळ दिली आहे. ओला लेप व्याधी हरतो, वाळलेला त्वचा बिघडवितो, असा त्यांचा अभिप्राय. ओल्या मातीतील पाण्याचे बाष्पीभवन होताना त्वचेची उष्णता ओढली जाते; पाणी संपताच माती आकसते व त्वचा ताणली जाते. म्हणून पित्तज शोथात वा घामोळ्यांत लेप वाळण्यापूर्वीच काढावा. वाळू देण्याची मुभा सुश्रुतांनी केवळ पीडन अभिप्रेत असेल तेथेच दिली आहे.

काही वर्षांपूर्वी एक मधुमेही गृहस्थ तळपायाच्या उघड्या जखमेवर शेतातील माती थापून आमच्याकडे आले. जखम धुऊन, धनुर्वात-प्रतिबंधाची व्यवस्था करून आम्ही त्यांना त्वरित शल्यचिकित्सकांकडे धाडले. तरीही अंगठा वाचला नाही. धनुर्वाताचे बीजाणू उन्हाने, किंबहुना साध्या उकळण्यानेही, खात्रीने मरत नाहीत. औषधी विक्रेत्यांनी मुलतानी मातीच्या पुडीवर ‘उघड्या जखमेवर लावू नये’ एवढे तरी छापावे आणि घाऊक माल घेताना शिसे व आर्सेनिक यांचा तपासणी अहवाल मागावा.