भेगांच्या मुलखात एक दिवस

सकाळी 6:00
उठल्यावर पहिलं काम म्हणजे आइसलँडच्या हवामान विभागाचं संकेतस्थळ उघडणं. रात्रीचे भूकंप तिथे नकाशावर मांडलेले असतात, पण मी आधी पाहते तो स्वार्त्सेंगीचा जीपीएस आलेख. जमीन किती मिलिमीटर उचलली, हे त्यात दिसतं. तिथे चार-पाच किलोमीटर खोलीवर शिलारस साठतो आणि वरची जमीन फुगत जाते. साठा पुरेसा झाला की तो बाजूच्या सुंधनुकुरच्या भेगेत घुसतो आणि फुगलेली जमीन काही तासांत खाली बसते. डिसेंबर 2023 ते ऑगस्ट 2025 या काळात त्या एका ओळीवर नऊ उद्रेक झाले. आज आलेख संथपणे चढतोय, म्हणजे कामाला निघायला हरकत नाही.

7:15
हातोडा, खुरपी, नमुन्यांच्या पिशव्या, वायुमापक, मुखवटा. मार्गावरची ठिकाणं आणि परतायची वेळ कार्यालयात लिहून ठेवायची. ही नोंद केल्याशिवाय आमच्यातलं कोणीही गाडी बाहेर काढत नाही.

8:30
रेक्याविकहून निघालं की अर्ध्या तासाच्या आत, स्ट्रॉयम्सविकच्या ॲल्युमिनियम कारखान्याजवळ, कापेलुहरॉयन लागतं. हा लाव्हा 1151 च्या सुमाराचा. इथल्या एका लहान प्रार्थनागृहाच्या अवशेषांत 1950 साली क्रिस्त्यान एल्ड्यार्न यांना संत बार्बराची छोटी मूर्ती सापडली. आगीपासून रक्षण करणारी म्हणून ही संत ओळखली जाते. एल्ड्यार्न पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रार्थनागृहाच्या भोवतीचा लाव्हा मात्र बांधकामाच्या भरावासाठी मोठ्या प्रमाणात खणून नेला गेला, आणि ते सपाट झालेलं रान पाहताना मला दरवेळी वाईट वाटतं. खडकाची पानं फाडली की इतिहास परत लिहिता येत नाही.

इथून आमचं काम चालतं ते द्वीपकल्प आडवं ओलांडून दक्षिण किनाऱ्याकडे निघायचं. वाटेत क्लेइफार्वात्न तळं लागतं. जून 2000 च्या भूकंपांनंतर त्याच्या तळातल्या भेगांतून पाणी झिरपून गेलं आणि पातळी काही मीटरनी उतरली होती.

10:15
आजचं मुख्य काम ओग्मुंदारहरॉयन या दुसऱ्या लाव्हाच्या कडेला आहे. परवानगी घेतलेल्या जागी आम्ही मातीत उभा छेद घेतो. खुरपीने भिंत तासून गुळगुळीत केली की थर उलगडायला लागतात. वर शेवाळ, मग तपकिरी माती, त्यात बोटभरही नसलेला काळसर, वाळूसारखा खरखरीत पट्टा. ही 1226 ची राख, याच द्वीपकल्पाच्या टोकाला समुद्रात झालेल्या उद्रेकाची. ती लाव्हावर साचलेल्या मातीत आहे. आता लाव्हाच्या जिभेखाली हात घालायचा. तिथे माती भाजून विटकरी झालेली, मध्ये जळक्या काटक्यांचे काळे तुकडे. त्याच्याही खाली थोड्या अंतरावर हिरवट-करड्या राखेची बारीक रेघ. तिला वसाहतीचा थर म्हणतात, कारण माणसं या बेटावर वस्तीला आली त्या काळातला, नवव्या शतकाच्या 870 च्या दशकातला तो आहे.

म्हणजे लाव्हा एका राखेच्या वर आणि दुसरीच्या खाली. वय दोन बाजूंनी बांधलं गेलं. जळक्या काटक्यांवरून कार्बनचं वय काढता येतं, आणि आइसलँडच्या जुन्या वार्षिक नोंदींमध्ये 1151 साली आगीचा उल्लेख आहेच. तिन्ही पुरावे जुळतात. सकाळचं कापेलुहरॉयन आणि हे ओग्मुंदारहरॉयन एकाच उद्रेकमालिकेतलं आहे: सुमारे 25 किलोमीटर लांबीच्या, मध्ये मध्ये तुटलेल्या भेगेतून लाव्हा उत्तरेलाही समुद्राला मिळाला आणि दक्षिणेलाही. इथून जवळच हूसहोल्मीला त्याने वेढलेल्या शेतवाडीच्या भिंती अजून दिसतात.

काटक्या चिमट्याने उचलून फॉइलमध्ये ठेवायच्या, बोट लावायचं नाही. छेद मोजायचा, रंग लिहायचे, फोटो काढायचे, आणि खड्डा होता तसा बुजवायचा. यात तीन तास सहज जातात.

1:30
गाडीच्या आडोशाला ब्रेड आणि स्कीर. एका पर्यटक कुटुंबाने विचारलं, ज्वालामुखी कुठे आहे? मी सांगितलं, तुम्ही उभे आहात तोच. त्यांना पटलं नसावं. लोकांना शिखर हवं असतं. इथे उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जातात, तेही सरळ नव्हे, तिरके. त्यामुळे भेगांचे समूह ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने, एकाशेजारी एक सरकून पडलेले आहेत. असा प्रत्येक समूह हीच एक ज्वालामुखी व्यवस्था.

2:30
फाग्रादाल्सफ्याल. सहा हजारांहून अधिक वर्षं शांत राहिलेल्या या समूहात 19 मार्च 2021 च्या रात्री गेल्डिंगादालिर खोऱ्यात लाव्हा आला. तो सहा महिने वाहिला. मी कडेवरूनच नमुना फोडते. नव्या लाव्हावर चालायचं नाही, पातळ कवचाखाली पोकळी असू शकते. ताज्या फुटीत हिरवट ऑलिव्हिन चमकतं. हा शिलारस उथळ साठ्यात न थांबता कवचाच्या तळापासून, सुमारे 15 किलोमीटरवरून आला होता. पहिल्या काही आठवड्यांतच त्याची रासायनिक घडण बदलत गेली. खालचं मिश्रण बदलताना जवळजवळ थेट पाहायला मिळणं ही आमच्या शास्त्रासाठी मोठी गोष्ट होती.

4:45
ग्रिंडाविक. इथे मात्र आवाज खाली येतो. 10 नोव्हेंबर 2023 ला सुमारे 15 किलोमीटर लांबीची शिलारसाची उभी भिंत काही तासांत जमिनीखाली घुसली. तिच्या वरचा पट्टा गावासकट एक मीटरहून जास्त खचला. त्या रात्री सुमारे 3,700 माणसांनी घरं सोडली. आणि त्या दिवशी लाव्हाचा एक थेंबही वर आला नव्हता. जानेवारी 2024 मध्ये तडे बुजवणारा एक कामगार भेगेत पडला, तो सापडला नाही. चारच दिवसांनी संरक्षक बांधाच्या आत नवी भेग उघडली आणि तीन घरं जळाली. आम्ही आखून दिलेल्या रस्त्यावरूनच चालतो, खुणेच्या खिळ्यांमधलं अंतर मोजतो आणि निघतो.

8:00
प्रयोगशाळेत नमुन्यांना क्रमांक द्यायचे, वह्या पडताळायच्या. भेगेत गोठलेल्या शिलारसाची भिंत इथे पाहता येत नाही, ती खोल आहे. ती पाहायला मी धुळे-नंदुरबार भागात गेले होते. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. वरचे थर झिजून गेले आणि त्यांच्यात घुसलेल्या काळ्या दगडी भिंती माळावर उघड्या पडल्या. ग्रिंडाविकखाली काय घडलं, हे मला त्या माळावर उभं राहिल्यामुळे समजतं.

9:45
शेवटची नोंद. आजचा खड्डा ज्या काळाचा, त्या काळात हा पट्टा असाच जागा झाला होता. दहाव्या शतकात सुरुवात झाली, मग क्रीसुविकचे उद्रेक (आज पाहिलेले दोन्ही जुने लाव्हा त्यांतलेच), मग 1210 ते 1240 मध्ये पश्चिमेकडचे. एक समूह शांत झाला की दुसरा. त्यानंतर सुमारे 800 वर्षं जमिनीवर काहीच नाही. 2021 पासून सुरू झालेलं पर्वही त्याच जातीचं असेल, तर ते दोन-पाच वर्षांत आटोपणार नाही. रस्ते, गरम पाण्याच्या वाहिन्या आणि घरं यांचे निर्णय पिढ्यांच्या हिशेबाने घ्यायला हवेत.