परतीची वाट आधी

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरामागे काळ्या पाषाणात खोदलेली विहीर होती. उतरायला खडकातच राखलेल्या पायऱ्या होत्या. आजोबा सांगायचे, वडारांनी खणायला घेतलं तेव्हा पाणी लागायच्या कितीतरी आधी पायऱ्यांची जागा ठरवली. त्या बोलण्याचा पुरता अर्थ कळायला मला धुळ्याहून नागपूर गाठावं लागलं आणि तिथून पुढे सावनेर तालुक्यात, खापा गावाजवळच्या गुमगाव खाणीत उतरावं लागलं.

मला लोखंडाची भूमिगत खाण पाहायची होती, पण आपल्याकडचं लोहखनिज वरूनच खणतात. गडचिरोलीतलं सुरजागड असो की सिंधुदुर्गातली रेडी, दोन्ही उघड्या खाणी. भूमिगत धातुखाण पाहायची तर लोखंडाचा सोबती असलेल्या मँगनीजकडे जावं लागतं. मँगनीजशिवाय पोलाद घडत नाही. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचं खाणकाम चालू आहे. गुमगाव ही 1962 साली स्थापन झालेल्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीची खाण.

डोक्याला हेल्मेट, त्यावर कॅप लॅम्प, पायात जाड बूट. उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. वर आलेल्यांशी ती जुळली पाहिजे. मग केज, म्हणजे लोखंडी पिंजरा. दार लागलं, घंटा झाली आणि उजेड वर राहिला.

खाली माझ्यासोबतच्या माइनिंग मेटने, म्हणजे कामगारांच्या मुकादमाने, ओल्या भिंतीवर बोटाने रेघा ओढून मला सगळा आराखडा समजावला. खनिजाचा पट्टा खडकात तिरका रुतलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूचा खडक तो फूटवॉल, वर ओठंगलेला तो हँगिंगवॉल. उभा शाफ्ट सहसा फूटवॉलच्या बाजूला खोदतात. खनिज काढल्यावर खचायची भीती असते ती हँगिंगवॉलची, आणि माणसं ज्यातून ये-जा करतात तो शाफ्ट त्या खचण्यापासून दूर हवा. शाफ्टमधून ठरावीक खोलीवर आडवे मजले फुटतात, त्यांना लेव्हल म्हणतात. लेव्हलवरून खनिजापर्यंत काढलेला बोगदा तो क्रॉसकट. दोन लेव्हल जोडणारी उभी वाट म्हणजे रेझ. तिच्यातून शिडी जाते, हवा फिरते. वर जायच्या वाटा किमान दोन हव्यात, हा कायदाच आहे. एक बंद पडली तर दुसरी.

बोगद्याच्या कडेने पाण्याची नाली वाहत होती, शाफ्टकडे. बोगद्याला इतका हलका उतार दिलेला की डोळ्याला कळत नाही, पाण्याला मात्र कळतं. खनिजाने भरलेले टबही, म्हणजे रुळांवरचे डबे, त्याच दिशेने सोपे जातात. मला पांझरा नदीवरच्या फड सिंचनातले पाट आठवले. तिथेही उताराचा हिशेब चुकला की शेवटचं शेत कोरडं राहतं.

शिडीने आम्ही स्टोपमध्ये चढलो. खनिज प्रत्यक्ष निघतं ते इथे. आदल्या पाळीच्या अखेरीला सुरुंग उडवले होते, धूर केव्हाच निघून गेला होता. तरी कोणी पुढे गेलं नाही. मेटने लांब पहार उचलली आणि छताला ठोकत निघाला.

“भाऊ, कान द्या. टणकन वाजला तं दगड धरून हाय. पोकळ वाजला म्हंजे सुटला.”

एका जागी आवाज भद्द आला. आम्हाला मागे सारून, स्वतः पक्क्या छताखाली उभं राहत त्याने तो दगड पहारीने पाडला. सुटलेले सगळे दगड पडल्यावरच ड्रिल आत आलं.

खनिजाचा एक आडवा थर काढला की मोकळी झालेली जागा पाण्यात कालवलेल्या रेतीने भरतात. पाइपातून रेती येते, पाणी झिरपून नालीला लागतं, रेती बसते. मग त्याच रेतीवर उभं राहून वरचा थर काढायचा. पाया भरत भरत माणसं वर सरकतात आणि दोन्ही बाजूंच्या खडकाला आधार राहतो.

स्वीडनमधल्या किरुनाच्या भूमिगत लोहखाणीत रीत वेगळी. तिथला पट्टा प्रचंड. तो खालून फोडत जातात आणि वरचा खडक मुद्दाम कोसळू देतात. ती खचण शहराखाली पोहोचत गेली, म्हणून शहरच हलवणं चालू आहे. 1912 सालचं तिथलं लाकडी चर्च ऑगस्ट 2025 मध्ये चाकांवर ठेवून सुमारे 5 किलोमीटर लांब नेलं. ते वाचताना मला गुमगावची रेती आठवत राहिली. जेवढं घेतलं, तेवढी जागा भरायची आणि मगच पुढचं घ्यायचं. या कामात वेळ जातो, खर्च होतो. ते वाया जातं असं मला मुळीच वाटत नाही.

परतताना केजपाशी थांबलो. वर केज ओढणाऱ्या वाइंडिंग इंजिनावर बसलेल्या माणसाला आम्ही दिसत नव्हतो. त्याची सगळी भिस्त घंटेवर. थांबलेल्या केजला एक घंटा म्हणजे वर घे, चालत्या केजला एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. आणि तीन घंटांचा अर्थ, केजमध्ये माणसं चढणार आहेत.

घंटा तीनदा वाजली. वरूनही तीनदा उत्तर आलं. आम्ही आत शिरलो, दार लागलं, एक घंटा झाली आणि केज सावकाश उचलला गेला.