खडू धरणाऱ्या हातात सुई : गोधडी शिकायची तर सुरुवात कशी करावी?

गंगापूर तालुक्यात कापूस पिकतो. दिवाळीच्या सुमारास वेचणीची धांदल असते, पांढऱ्या गाठोड्यांनी भरलेली वाहनं रस्त्यावर दिसतात. आणि त्याच तालुक्यातल्या बहुतेक घरांत थंडीत अंगावर येतो तो पॉलिस्टरचा ब्लँकेट. लग्नात आहेर म्हणून आलेला, वाघाच्या किंवा गुलाबाच्या चित्राचा. गोधडी असलीच तर ती पेटीच्या तळाशी, नाहीतर सायकलच्या कॅरिअरवर गादी म्हणून बांधलेली.

गोधडी गेली याचं दुःख फार मोठं नाही, वस्तू येतात-जातात. पण ती शिवणारे हात चालले आहेत, ही गोष्ट गंभीर आहे. आपल्या अम्मी, नानी, दादीला जे येत होतं ते आपल्या पिढीने विचारलंच नाही. "बाजारात मिळतं की," एवढ्यावर विषय संपला.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसं. बी.एड.ला पाठ टाचणं काढली, फळ्यावर अक्षर सुंदर कसं काढायचं ते शिकलो. सुईचा संबंध शर्टाचं बटण तुटण्यापुरता. अशा आम्हा तीन-चार शिक्षकांनी गेल्या हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग खालांजवळ बसून गोधडी शिकायला घेतली. "मास्तर, तुमच्याच्यानं होणार नाही," असं खालांनी आधीच सांगून टाकलं होतं. झालं मात्र. ज्यांना हे शिकावंसं वाटतं, पण "आपलं ते काम नाही" असं वाटून जे मागे राहतात, त्यांच्यासाठी ही माहिती.

गोधडी वेगळी, रजई वेगळी

आपण बोलताना सगळ्याला एकच नाव देतो, पण फरक आहे. रजई किंवा लिहाफ म्हणजे खोळीत पिंजलेला कापूस भरून वरून टाके घालायचे. उर्दूत त्याला "डोरे डालना" म्हणतात. हे काम आपल्याकडे पिंजारी बिरादरीचं. कुठे नदाफ, कुठे मन्सूरी, नावं वेगळी, पण पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजण्याचा धंदा एकच. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन गल्लीतून फिरणारे पिंजारी चाळिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असतील. त्या तातीचा आवाज आला की थंडी आली असं समजायचं. पुढे मशीन आलं, मग फोमच्या गाद्या आल्या.

गोधडीत कापूस भरत नाहीत. जुन्या कपड्यांचेच थर एकावर एक ठेवून ते टाक्यांनी एकजीव करतात. मराठवाड्यात तिला वाकळही म्हणतात, उर्दूत गुदडी. "गुदडी का लाल" हा वाक्प्रचार याच गुदडीतून आला. आणि हे काम कुण्या एका बिरादरीचं नाही. पाटलाच्या वाड्यातही होतं आणि मोमीनपुऱ्यातही. या कामाची भाषासुद्धा अशीच मिसळलेली आहे. सुई, टाका, ठिगळ, काठ हे शब्द एकीकडचे. अस्तर, अंगुस्तान, रजई हे फारसीतून आलेले. खाला "पैवंद" म्हणतात आणि शेजारच्या मावशी "ठिगळ". कापड तेच.

कापड कोणतं घ्यावं

सुती, वापरून मऊ झालेलं आणि धुतलेलं. जुनी सुती साडी, धोतर, लुंगी, कुर्ता-पायजमा, चादर, सुती दुपट्टा, सगळं चालतं. नवं कोरं कापड घेऊ नका. ते धुतल्यावर आटतं, मग एक थर आखडतो आणि बाकीचे तसेच राहतात, गोधडी वाकडी होते. शिवाय नव्या कापडातली खळ सुईला अडवते.

कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर त्याचा एक धागा काढून मोठ्यांनी जपून जाळून बघावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी तयार होतो. पॉलिस्टरची साडी वरून दिसायला छान असली तरी ती थरांमध्ये घसरते आणि नवशिक्याला फार त्रास देते. घामही शोषत नाही.

गोधडी उबदार का, हा प्रश्न वर्गात मुलांना जरूर विचारावा. कापड स्वतः उष्णता देत नाही. थरांच्या मध्ये जी हवा अडकते, ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एक जाड चादर आणि चार पातळ थर यात चार थर जास्त ऊब देतात.

पहिली गोधडी छोटी असावी

शिकणारे थेट पलंगाच्या मापाची गोधडी काढतात आणि अर्ध्यावर सोडतात. खालांनी आम्हाला आधी तान्ह्या बाळाचं दुपटं शिवायला लावलं. दोन फूट बाय तीन फूट, तीन थर, बस्स. घरात किंवा नात्यात जच्चा-बच्चा असतातच, त्यामुळे शिवलेलं वायाही जात नाही.

साहित्य मोजकंच आहे: मोठ्या नेढ्याची लांब सुई, जाड सुती दोऱ्याचं रीळ, कात्री, आणि बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तानाला हसू नका. चार थरांतून सुई ढकलताना मधलं बोट तासाभरात सोलवटतं.

थर आणि टाका

आधी जमीन स्वच्छ पुसून चटई अंथरावी. खालचं अस्तर सगळ्यात मोठं, चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. त्यावर मधले थर. यात फाटकी, विरलेली कापडं खपतात, मात्र जिथे भोक असेल तिथे दुसऱ्या थराचा धड भाग यावा. सगळ्यात वर ठिगळांचा थर. प्रत्येक थर हाताने सुरकुत्या काढत, मधून कडेकडे सारखा करायचा आणि कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे खलबत्ता आणि वीट होती.

मग कच्चे टाके. वीतभर अंतराने लांब-लांब टाके घालून सगळे थर नुसते धरून ठेवायचे. ही पायरी टाळू नये. कापड सुईबरोबर थोडं थोडं सरकत असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. शेवटी मध्ये फुगा येतो आणि तो कशाने जात नाही. गोधडी पूर्ण झाली की कच्चे टाके ओढून काढतात.

आता अस्तराचा वाढवा वर दुमडून काठ करायचा आणि काठापासून सुरुवात. टाका साधाच, शाळेत ज्याला धावदोरा म्हणतात तो. सुई वर, सुई खाली. काठाच्या आतून एक फेरा, मग बोटभर अंतराने दुसरा, असं फिरत फिरत मध्यावर यायचं. टाके लहान-मोठे झाले तर काळजी नको, पण प्रत्येक टाका खालच्या अस्तरापर्यंत पोचला पाहिजे. दर दोन फेऱ्यांनी गोधडी उलटी करून बघावी. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. आणि दोरा फार ओढू नये, नाहीतर कापड चुण्या पडून गोळा होतं.

टाक्यांचा हिशेब

आम्ही शिक्षक असल्याने हिशेब मांडल्याशिवाय राहवलं नाही. मोठ्यांची एक गोधडी पाच फूट बाय सात फूट धरू. म्हणजे 60 इंच बाय 84 इंच. एक इंच अंतराने फेरे घातले तर टाक्यांची एकूण लांबी होते सुमारे 5,040 इंच, म्हणजे 420 फूट. इंचाला तीन टाके धरले तर 15,000 च्या वर टाके! एक फूट शिवायला तीन मिनिटं धरा: 1,260 मिनिटं, म्हणजे 21 तास. तेही सरावलेल्या हाताला. थर लावणं, ठिगळं कापणं, कच्चे टाके धरून पूर्ण तीन दिवसांचं काम. सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सोडवायला द्या, क्षेत्रफळ कायमचं लक्षात राहील.

पण हा हिशेब नुसत्या गणितासाठी नाही. आपल्या वस्तीतल्या एखाद्या गरजू बाईकडून आपण गोधडी शिवून घेतो आणि वर म्हणतो, "कापड तर आमचंच होतं, एवढे पैसे कशाचे?" तीन दिवस पाठ वाकवून बसण्याचे ते पैसे आहेत. शेतात तीन दिवस गेलेल्या मजुराला आपण जे देतो, त्यापेक्षा कमी देणं कुठल्या हिशेबात बसतं? स्वतः एक दुपटं शिवून बघितलेला माणूस मजुरीत घासाघीस करत नाही, हा आमचा अनुभव. बचत गटांच्या बहिणींनीही किंमत ठरवताना आधी तास मोजावेत, मग कापड.

मरहूमांचे कपडे

घरात कुणाचा इंतकाल झाला की त्यांचे कपडे ठेवू नयेत, ते अशुभ असतात, अशी समजूत आपल्याही घरांत शिरली आहे. तिला दीनमध्ये आधार नाही. मरहूमांचे कपडे हा त्यांच्या तरक्याचा भाग असतो, वारसांचा हक्क. वारसांच्या संमतीने ते वापरता येतात, गरजूंना देता येतात. जे धड आहेत ते कुणाच्या अंगाला लागावेत हे चांगलंच. पण विरलेला कुर्ता, फाटलेला दुपट्टा कुणाला देणार? त्याची गोधडी होते. फक्त सगळ्यांना विचारून करावी. बहिणीला न विचारता अम्मीची साडी कापली, यावरून मनं दुखावली जातात.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याने वालिद साहेबांच्या तीन लुंग्या अशाच सर्व भावंडांना फोन करून, विचारून वापरल्या. गोधडी आता त्यांच्या अम्मींच्या अंगावर असते. त्या काही बोलत नाहीत, पण धुवायला मात्र कुणाला देत नाहीत.

ही कला एकट्या आपली नाही

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुस्लिमही आहेत, ख्रिश्चन आणि हिंदूही. तिथल्या बाया "कवंदी" शिवतात, अगदी आपल्यासारखी, काठापासून आत येत. चारही कोपऱ्यांवर कापड दुमडून केलेली छोटी "फुलं" लावल्याशिवाय त्या गोधडी पूर्ण मानत नाहीत. 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं आपलं जिल्ह्याचं शहर वसवणारा मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आलेला होता, हे इथे आठवतं. सिंध-कच्छची रल्ली, बिहारची सुजनी, बंगालचा कांथा या तिच्याच बहिणी. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यात गुलामांच्या वंशजांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर आल्या. गरिबीची वस्तू म्हणून आपण जी लपवतो, तिला जग भिंतीवर लावतं.

मुलग्यांनाही शिकवा

"सुईदोरा पोरींचं काम" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावी. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येतं की प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवत आणि चपला स्वतः दुरुस्त करत. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करून त्याची कमाई सदका करत. हाताच्या कामाला कमी लेखणं आपल्याला शोभत नाही.

आमच्याकडे मुलं रविवारी येऊन बसू लागली आहेत. दोन मुलगे टाके मुलींपेक्षा बारीक घालतात. तुमच्या मोहल्ल्यातही अशा एखाद्या खाला, फुफी, नानी असतील. डोळे चांगले आहेत, बोटं चालतायत, तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा. सोबत एक जुनी सुती चादर, मोठ्या नेढ्याची सुई आणि दोऱ्याचं रीळ न्या. थंडी संपायच्या आत एक दुपटं नक्की होतं, इन्शाअल्लाह.