मुलांच्या गणिताचा रोजमेळ

वर्षातून एकदाच तिजोरी उघडून नफातोटा पाहावयाचा. मध्यंतरी रोजकीर्द लिहावयाची नाही, खतावणी करावयाची नाही, की सायंकाळी रोकड शिलकीशी ताडून पाहावयाची नाही, असा क्रम आमच्या वाचकांपैकी एखाद्या व्यापाऱ्याने आरंभिला, तर त्याच्या पेढीचे भवितव्य सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु हाच चतुर गृहस्थ आपल्या मुलाच्या गणिताविषयी मात्र वर्षअखेरीस हाती पडणाऱ्या प्रगतिपुस्तकावर संतुष्ट असतो. पैशाच्या हिशेबास जो न्याय तो मुलाच्या बुद्धीस नाही, ही विसंगती आता दूर झाली पाहिजे.

प्रश्न किरकोळ नाही. देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ या नावाने जी पाहणी होते, तिचे २०२४ सालचे आकडे पाहा. इयत्ता तिसरीतील ३३.७ टक्के मुलांसच दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करता आली; पाचवीतील ३०.७ टक्के मुलांसच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ च्या मानाने ही सुधारणाच आहे, हे कबूल केले पाहिजे. तथापि पाचवीतील दर दहा मुलांपैकी सुमारे सात मुले भागाकारावाचून पुढे जातात, याचा अर्थ काय? ती एका दिवसात मागे पडलेली नाहीत. प्रत्येकाच्या बाबतीत कोठे तरी, कोणत्या तरी आठवड्यात, एक पायरी निसटली. आणि ती निसटली तेव्हा कोणी पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही पायरी कशी निसटते? गुरुजींनी ‘एकावन्नातून सत्तावीस वजा करा’ असे तोंडी सांगितले. एक मुलगा उत्तर लिहितो ३६, कारण एकातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून एक काढला. दुसरा लिहितो ३४. त्याने दशक सुटा करून घेतला, पण पाचाचे चार करावयास तो विसरला. तिसरी मुलगी सत्तावीस हा शब्द ऐकून ७२ लिहिते व स्वस्थ बसते. आमच्या भाषेत आधी सात व मग वीस उच्चारतात, तेव्हा तिचा तरी काय अपराध? परीक्षक या तिघांसही शून्य देऊन मोकळा होईल. वास्तविक पहिल्यास काड्यांचे जुडगे सोडून दशकाचा अर्थ दाखविला पाहिजे, दुसऱ्यास केवळ सावध करावयाचे आहे, आणि तिसरीस वजाबाकी नव्हे तर संख्यावाचन शिकवावयाचे आहे. रोग तीन, औषधे तीन. गुणपत्रिकेत मात्र एकच शून्य! आणि हे शून्य एप्रिलात कळून उपयोग कोणता? तोवर गुणाकार, भागाकार व अपूर्णांक यांचे मजले त्या खचलेल्या पायावर चढून गेलेले असतात.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे असे म्हटले आहे; आणि कलम २४ ने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून जरूर तेथे जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. महाराष्ट्रात ही पद्धत २०१० सालीच सुरू झाली. परंतु अनेक ठिकाणी मूल्यमापनाचा आत्मा उडून गेला व नोंदवह्यांचे कलेवर मागे राहिले. वह्या भरल्या, मुलांची वजाबाकी होती तेथेच राहिली.

‘परीक्षेचा धाक गेला म्हणून अभ्यास गेला’, असे म्हणणारा एक पक्ष आहे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांस पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन नापास मुलांस मागे ठेवण्याची मुभा मिळाली, ती याच मताच्या जोरावर. धाकाने मूल पाटीपुढे बसेल; पण दशक म्हणजे काय, हे धाकाने कसे कळणार? धाकाचा प्रयोग इंग्लंडने शिक्षकांवरही करून पाहिला आहे. तेथे १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळांचे सरकारी अनुदान मुलांची हजेरी व वाचन, लेखन, अंकगणित यांतील परीक्षा यांवर बांधले. परिणाम असा की घोकंपट्टी माजली. कवी व शाळातपासनीस मॅथ्यू आर्नल्ड याने शिक्षण यांत्रिक झाल्याची तक्रार केली, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. चाचणीच्या निकालावर कोणाची भाकरी अवलंबून ठेवली, की चाचणी खरे बोलत नाही.

मग करावे काय? आठवड्यातून एकदा पाच-सहा उदाहरणे, पंधरा मिनिटांचे काम. गुण देऊ नयेत; कोणाची कोणती चूक झाली एवढेच टिपावे, व एका जातीची चूक करणाऱ्या मुलांस एकत्र बसवून दुसऱ्याच दिवशी ती दुरुस्त करावी. महिन्याने तेच उदाहरण वेगळे आकडे घालून पुन्हा द्यावे, म्हणजे सुधारणा टिकली की नाही ते कळेल. यास पैसा फारसा लागत नाही. शिक्षकाचा वेळ मात्र लागतो. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांस शिक्षणेतर कामे देऊ नयेत असे कलम २७ सांगते. तो वेळ वाचविणे हे सरकारचे काम आहे.

आणि पालकांचेही काही आहेच. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असावेत अशी कायद्याची योजना आहे. तेथे जाऊन इमारतीच्या रंगाइतकीच चौकशी हिशेबाच्या वहीचीही करावी. ‘किती गुण पडले?’ हा प्रश्न सोडून ‘या महिन्यात काय अडले व त्यावर काय केले?’ हा प्रश्न विचारावा. ज्या समाजाने बाजारात पैचा हिशेब चुकू दिला नाही, त्याने आपल्या मुलांच्या बुद्धीचे खाते वर्षभर कोरे ठेवावे, हे त्यास शोभत नाही.