गजाआडच्या भगिनी आणि एचआयव्हीचा धोका

एचआयव्हीची लागण झालेल्या बाईकडे समाज एक बोट दाखवतो. तीच बाई तुरुंगात असेल, तर दहा बोटे दाखवतो. "जेलात गेली, तिथेच रोग घेऊन आली" असे वस्तीत सर्रास बोलले जाते. आपण याचा नीट विचार केला पाहिजे.

आपल्या देशात २०२२ साली दर १०० कैद्यांमागे स्त्रिया होत्या सुमारे ४. दर चार कैद्यांपैकी तिघांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. यांत गोरगरीब, दलित, आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. जामिनाला पैसा नाही, म्हणून माणूस आत राहतो.

जगातील अनेक देशांत स्त्री कैद्यांमध्ये लागणीचे प्रमाण पुरुष कैद्यांपेक्षा जास्त आढळले आहे. याची कारणे बऱ्याचदा तुरुंगाबाहेरची असतात. दारिद्र्य, नवऱ्याकडून झालेली लागण, बळजबरी, पोटासाठी करावा लागलेला देहविक्रय, नशेची एकमेकांत वापरलेली सुई ही ती कारणे. आत गेल्यावर लैंगिक अत्याचार, एकाच सुईने गोंदणे यांमुळे धोका वाढतो. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने किंवा एकच संडास वापरल्याने ही लागण होत नाही.

सर्वात मोठा घात होतो तो औषध तुटल्याने. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती रोज न चुकता घ्यावी लागतात. अटकेच्या धावपळीत गोळ्या घरीच राहतात, आणि लाजेपोटी बाई आत कोणाला सांगत नाही. मग विषाणू पुन्हा जोर धरतो. बाई गरोदर असेल तर बाळालाही धोका. उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. वेळेवर औषध मिळाले तर हे प्रमाण ५ च्या खाली आणता येते.

म्हणून आम्ही कुटुंबांना सांगू इच्छितो: घरातील बाईला अटक झाली, तर तिच्या एआरटी केंद्राची उपचार-पुस्तिका घेऊन तुरुंगाच्या डॉक्टरांना भेटा. औषध एक दिवसही तुटू देऊ नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तिचा आजार जाहीर करता येत नाही आणि तिला भेदभावाची वागणूक देता येत नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून खचू नका. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. आजाराविषयी विचारायचे असल्यास १०९७ वर मोफत फोन करा.

आणि ती सुटून आली, की दार उघडा. तिची भांडी वेगळी काढू नका, तिच्या लेकरांना दूर सारू नका. अतिसाराने घाणीत पडलेल्या ज्या भिक्खूकडे कोणी पाहिले नाही, त्याला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले. तो कसा आजारी पडला, याचा न्यायनिवाडा त्यांनी आधी केला नाही. विहारात आपण करुणेचे नाव घेतो. तिची खरी परीक्षा अशा भगिनीला घरात घेतानाच होते.

जयभीम!