तान्ह्या बाळाला तुंबडी नको

‘तुंबडी’ म्हणजे काय, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. पोकळ भोपळ्याचे वा शिंगाचे पात्र दुखऱ्या जागी लावून आतली हवा ओढून घ्यायची, ही पद्धत फार जुनी आहे. मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यांवरील गोल डाग २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले आणि हीच तुंबडी ‘कपिंग’ या नावाने शहरांत नव्याने रुळली. आता काही पालक विचारतात, “डॉक्टर, बाळाचा कफ निघत नाही, पोट फुगते, कपिंग करून घेऊ का?”

माझे उत्तर स्पष्ट आहे. तान्ह्या बाळाला आणि लहान मुलाला ते करू नये.

पेला उचलल्यावर जो लालनिळा गोल दिसतो, ते ‘बाहेर आलेले दूषित रक्त’ नव्हे. ओढीमुळे त्वचेखालील केशवाहिन्या फुटतात आणि चांगलेच रक्त तिथे साकळते. छातीतला कफ किंवा आतड्यातला वायू त्या वाटेने बाहेर येत नाही. प्रौढांच्या मान-पाठदुखीत काही काळ आराम पडल्याचे काही अभ्यासांत दिसते. पुरावा मात्र दुबळाच आहे. लहान मुलांसाठी तर तेवढाही भरवशाचा आधार नाही.

उलट धोके अधिक. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सुमारे २४० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे एक मोठा पेलाभर. त्वचेला चिरा देऊन रक्त काढण्याचा प्रकार त्याच्यावर करणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. रक्त गोठण्यास लागणारे ‘के’ जीवनसत्त्व नवजात बाळात अपुरे असते, म्हणूनच जन्मतः त्याचे इंजेक्शन देतात. हिमोफिलियासारखा रक्तस्रावाचा आजार मूल रांगू लागून पडेझडेपर्यंत पुष्कळदा लक्षातच येत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलही घरोघरी माहीत आहे. आधीच रक्त कमी असलेल्या अशा मुलाचे आणखी रक्त काय म्हणून काढायचे? शिवाय स्पिरिटचा पेटता बोळा पेल्यात फिरवायचा आणि मुलाने स्थिर राहायचे, ही अपेक्षाच व्यर्थ. नाजूक त्वचा क्षणात भाजते.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता अवश्य पाहावी. शिंग, जळू आणि भोपळा ही रक्त काढण्याची तिन्ही साधने तेथे आहेत. पण बालक, वृद्ध, दुर्बल अशा सुकुमारांसाठी सर्वांत सौम्य म्हणून जळूच सांगितली आहे. (जळू लावा, असे मी सुचवीत नाही!) बालकाचा वेगळा विचार करावा लागतो, हे त्या काळीही ठाऊक होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील सिमोरी गावी, अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याची बातमी आपण वाचली असेल. तुंबडी आणि डागणे एक नव्हे, हे मान्य. पण आतला आजार कातडीवरून ओढून वा जाळून काढता येतो, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे, आणि दोन्हींत मोलाचा वेळ जातो.

या वेळेचीच मला सर्वाधिक धास्ती वाटते. खोकणारे मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळात ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, पोट टणक फुगून हिरवी उलटी होत असेल, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

आजीच्या वा शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर तुंबडी आधीच लावून झाली असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. डेंग्यूत किंवा प्लेटलेट कमी झाल्यावरही अंगावर असेच डाग उठतात. कोणता डाग कधीचा आणि कशाचा, हे कळले तरच तपासणीची दिशा चुकत नाही.